तारीख कळवा हो, भरतीची वेळ आम्ही बघतो

संसदेच्या स्थायी समित्यांचे माननीय अध्यक्ष, सगळे सदस्य खासदार, आणि सचिवालयात बसून बैठकांच्या तारखा लावणारे साहेबलोक यांना,

मालवण बंदराकडून नमस्कार.

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला गोंधळ व्हायला नको. बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं झेरॉक्स, टायपिंग आणि ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान आहे. बाबा जन्मभर रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, नवरा गिलनेटच्या होडीवर, काकी बाजारात मासे विकते, आणि मी कॉम्प्युटरवर. त्यामुळे डिझेल परताव्याचा फॉर्म असो, होडीचं लायसन रिन्यू करायचं असो नायतर कोणाला मंत्र्याला निवेदन द्यायचं असो, सगळं माझ्या टेबलावरून जातं. मच्छीमारांचं म्हणणं काय आहे हे मला वेगळं विचारत बसावं लागत नाही, गेली चौदा वर्षं मी ते टाईपच करतेय.

आता मुद्दा. परवा आमच्या ग्रुपवर एक पीडीएफ आली, समितीला निवेदनं पाठवा म्हणून. मच्छीमारांशी संबंध असलेला विषय, म्हणून कोणीतरी मुंबईहून फॉरवर्ड केलेली. पंधरा दिवसांची मुदत, त्यातले बारा गेलेले. निवेदन हिंदी किंवा इंग्रजीत, दोन प्रती. ज्यांना समितीसमोर येऊन बोलायचंय त्यांनी तसं स्पष्ट लिहावं, बोलवायचं की नाही हा निर्णय समितीचा आणि तो अंतिम. बाबा शेजारी खुर्चीवर बसलेले, मी वाचून दाखवलं की तोंडी साक्ष घेणार आहेत, तर ते दचकलेच. "साक्ष? कित्या गो? आमी काय केलंव?" आता त्यांना काय सांगू. आमच्याकडे साक्ष म्हणजे कोर्ट, आणि कोर्ट म्हणजे जमिनीच्या वाटणीत भावाभावांची फुकट गेलेली वीस वर्षं.

मी समजावलं त्यांना. मला स्वतःला ते समजायला बरीच वर्षं लागली ती गोष्ट वेगळी. शाळेत नागरिकशास्त्रात आपल्याला लोकसभा, राज्यसभा, राष्ट्रपती एवढंच शिकवतात, समित्या हा अर्ध्या पानाचा धडा, परीक्षेला न येणारा. खरं काम तर तिथे चालतं म्हणतात. १९९३ साली खात्यांच्या १७ स्थायी समित्या झाल्या, २००४ ला त्या २४ केल्या, प्रत्येकीत ३१ खासदार, लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १०. मंत्री असलेला माणूस त्यात सदस्य नसतो. बजेट मांडून झालं की अधिवेशनाला मधे सुट्टी पडते ना, टीव्हीवाले तेव्हा दुसऱ्या बातम्यांकडे वळतात, त्या दिवसांत ह्या समित्या एकेका खात्याला बोलावून विचारतात की बाबांनो एवढे पैसे मागताय ते कशाला, आणि मागच्या वर्षीच्यांचं काय केलंत. हे मला फार आवडलं. आमच्या मच्छीमार सोसायटीच्या वार्षिक सभेत असंच कोणीतरी विचारणारं हवं असं मला नेहमी वाटतं, पण तिथे भेळ आल्यावर कोण कोणाला विचारतंय.

आणि तिथे आरडाओरडा नसतो, कॅमेरा नसतो, त्यामुळे पक्ष बाजूला ठेवून खासदार खरंच अभ्यासाचं बोलतात असंही ऐकलंय. बैठका बंद दाराआड घ्यायच्या असा लोकसभेचा नियमच आहे, रिपोर्ट सभागृहात ठेवेपर्यंत आतलं बाहेर बोलायचं नाही. कॅमेरा बघितला की माणूस कसा बदलतो ते आम्ही दर इलेक्शनला बंदरावर बघतो, बांगडा उलटा धरून फोटो काढणारे, त्यामुळे बंद दाराचं कारण मला पटतं. पण दार बंद असलं तरी दारावर पाटी तरी लावाल की नाही. आत काय चाललंय ते नंतर सांगा, पण आज कशावर बसणार आहात, किती वाजता, कोणाला बोलावलंय, एवढं आधी कळायला काय हरकत आहे.

वेबसाईटवर असतं, हे मला माहितीये. संसदेच्या वेबसाईटवर बैठकांचं वेळापत्रक येतं, मी बघते, दुकानात लाईट असेल तेव्हा. अमुक तारीख, इतके वाजता, संसद भवन ॲनेक्सीतली अमुक कमिटी रूम, विषय अमुक खात्याच्या प्रतिनिधींची तोंडी साक्ष. पण कधी येतं? बऱ्याचदा बैठक तोंडावर आल्यावर. मग ती पुढे ढकलली जाते, किंवा तारीख तीच राहते आणि विषय बदलतो. दिल्लीत राहणाऱ्याला, गाडी आणि पीए असणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही. कुडाळहून गाडी पकडली तर निजामुद्दीनला उतरेपर्यंत जवळपास दीड दिवस जातो, आणि रिझर्वेशन तीन दिवस आधी कोणाला मिळालंय ते मला दाखवा, मी त्याचा सत्कार करते.

तुम्हाला एक गंमत सांगते. आमच्याकडे समुद्राची वेळ पुढच्या वर्षभराची आधी ठाऊक असते. पंचांगात तिथी बघायची आणि तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनला भरती, दुपारी पण आणि पहाटे पण. अष्टमीला आठ पाऊणे सहा. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास, उधाणाची. थोडं मागेपुढे होतं, पण होडी ढकलायला एवढा हिशोब पुरतो. आता बघा, समुद्र, ज्याच्याइतका बेभरवशाचा कोणी नाही, ज्याने ३ जून २०२० ला निसर्ग वादळात रायगड-दापोली झोडपली आणि वर्षभरात, मे २०२१ ला, तौक्तेत आमची झाडं आणि छपरं नेली, त्याची पण रोजची वेळ आम्हाला तोंडपाठ सांगता येते. तुमच्या बैठकीची नाही सांगता येत. समुद्राला सचिवालय नाही हो, तरी.

अमेरिकेच्या संसदेत म्हणे समितीला सुनावणीची तारीख किमान आठवडाभर आधी जाहीर करावी लागते, तसा त्यांचा नियमच आहे, आणि सुनावणी पुष्कळदा कॅमेऱ्यासमोर, कोणीही घरबसल्या बघावी अशी. माझा भाचा शिपिंगमध्ये आहे, त्याने दाखवलं एकदा फोनवर. तीन तास एक बाई नुसती प्रश्न विचारत होती आणि कंपनीचा साहेब पाणी पीत होता. मी जेवण करपवलं त्या दिवशी. ते सगळंच इकडे आणा असं मी म्हणत नाही, त्यांचं त्यांच्याकडे. आठवडाभर आधी तारीख, एवढंच उचला त्यातलं.

आता जे पोटात आहे ते सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय ह्या पत्राला अर्थ नाही.

काही वर्षांमागे एक समिती कोकणात अभ्यास दौऱ्यावर आलेली. कुठली, कोणाची, ते नाव मी घेत नाही, आता त्यातले किती जण खासदार उरलेत तेही बघायला लागेल. नवरात्राच्या पुढचे दिवस. म्हणजे बांगडा किनाऱ्याला लागायचे दिवस. रात्री साडेनऊला सोसायटीला निरोप आला, उद्या अकरा वाजता पाच प्रतिनिधी पाठवा, अमुक रिसॉर्टच्या हॉलात, आणि निवेदन असेल तर सोबत आणा. निवेदन असेल तर! रात्री साडेनऊला! मी दुकान परत उघडलं, सेक्रेटरी, बाबा आणि आणखी दोघं येऊन बसले, आणि आम्ही दीड वाजेपर्यंत तीन पानं केली.

करायची हिंदीत. बाबा बोलणार मालवणीत, मी मनात मराठी करणार आणि मग हिंदी टाईप करणार. रापणीला हिंदीत काय म्हणतात हो? मी लिहिलं, किनारे से खींचा जानेवाला बड़ा जाल. पातीला, आमच्या छोट्या होडीला, काय म्हणतात? सोडून दिली. शेवटी घाईत फोनच्या ट्रान्सलेटमध्ये टाकायला लागले, तर आमचं वाक्य होतं की दहा वर्षांत मोरीचं उत्पादन घटलंय, त्याचं झालं नाली का उत्पादन घटा है. आमच्याकडे शार्क माशाला मोरी म्हणतात, मोरीचं मटण म्हणजे काय चीज असते ते कधी जेवायला या तेव्हा सांगेन. नशीब प्रिंट काढायच्या आधी दिसलं. नाहीतर देशाच्या संसदेकडे मालवणातनं तक्रार गेली असती की आमच्या गटारांचं उत्पादन कमी झालंय.

हसतोय आम्ही आता. पण मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा जाहीर झाला तेव्हा आमच्या दुकानासमोर पण पेढे वाटले, लोकसभेत कानाला यंत्र लावून मराठीचं भाषांतर ऐकायची सोय आहे म्हणतात, मग निवेदन तेवढं मराठीत का घेत नाही? भाषांतर करणारी माणसं तुमच्याकडे पगारावर आहेत. आमच्याकडे मी आहे, आणि माझ्या प्रिंटरची शाई.

तर दुसऱ्या दिवशी. बाबांनी पांढरा शर्ट घातला, खिशात घडी घातलेला रुमाल, आणि रापणीवर गेले नाहीत. रापणीचं तुम्हाला माहीत असेल नसेल म्हणून सांगते, जाळं होडीने समुद्रात गोल टाकून आणतात आणि मग दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून चाळीस-पन्नास माणसं ओढतात, कमरेला दोर गुंडाळून मागे मागे चालत. मासळी मिळेल तिचे वाटे पडतात. होडीचा, जाळ्याचा आणि ओढणाऱ्यांचा. जो दोराला नाही त्याला वाटा नाही, मग तो संसदेकडे गेलेला असो की लग्नाला. नेमकी त्या दिवशी रापण भरली. किनाऱ्यावर बांगड्याचा ढीग, टेम्पो कमी पडले, पोरं फोटो पाठवतायत आणि बाबा एसी हॉलात कव्हर घातलेल्या खुर्चीवर बसून फोनात तो ढीग बघतायत.

अकराला कोणी आलं नाही. एकला निरोप, साहेब हायवेवर अडकलेत. त्यात मी त्यांना दोष देत नाही, मुंबई-गोवा हायवेवर कोणीही अडकतं, उलट बरं झालं त्यांनी पण बघितला. चारला आले. पहिल्या तीन रांगा अधिकाऱ्यांच्या. आधी पुष्पगुच्छ, मग पडद्यावर इंग्रजीत स्लाईड, निळे निळे तक्ते, त्यात बराच वेळ गेला. मग कोणीतरी म्हणालं की मच्छीमार प्रतिनिधींना दोन मिनिटं देऊया.

बाबा उभे राहिले. मी मागे उभी होते, फाईल धरून. त्यांना वाटलं होतं आपण निवेदन वाचायचं, पण ते हिंदीत, म्हणून ते आपलं आपलंच बोलायला लागले, मालवणीत. पर्ससीनवाले, म्हणजे मोठ्या गोल जाळ्याने अख्खा थवा वेढून नेणारे, आणि एलईडीवाले कसे येतात, रात्री समुद्रात लाईट पेटवतात की गावात दिवाळी असल्यासारखं दिसतं, लहान मासळी पण खरवडून नेतात. एक खासदार, कुठल्यातरी दुसऱ्या राज्याचे, त्यांनी पेन बाजूला ठेवून नीट ऐकलं, हे मी मुद्दाम सांगते कारण ते खरं आहे. त्यांनी विचारलं, जाळ्याचा आस केवढा असतो त्यांचा? म्हणजे हिंदीत विचारलं, जाल का छेद कितना. बाबांना प्रश्न बरोब्बर कळला, खुष झाले ते, कारण हाच तर प्रश्न. त्यांनी हवेत दोन बोटं जोडून धरली, जशी आसात घालून बघतात, आणि म्हणाले, आमचो इतको, आणि मग एकच बोट, तेंचो इतको पण नाय. शेजारच्या साहेबांनी भाषांतर केलं, ये सबसिडी मांग रहे हैं।

संपलं. फाईल कोणीतरी घेतली. पोच मागितली तर म्हणाले मिळेल. पंचवीस मिनिटांत हॉल रिकामा, टेबलावर अर्धवट प्यायलेलं कोकम सरबत.

घरी येताना बाबा काही बोलले नाहीत, बंदराजवळ आल्यावर एवढंच म्हणाले, "बांगडो खराच बरो होतो काय गो?"

नंतर मी शोधायला बसले, आपण जे बोललो त्याचं पुढे काय होतं. आणि तेव्हा मला ते कळलं जे तिथे कोणी सांगितलं नव्हतं. समितीची खरी बैठक संसदेच्या आवारातच होते, बाहेर घ्यायची तर प्रकरण लोकसभा अध्यक्षांकडे जातं आणि ते ठरवतील तसं. दौऱ्यावर जे होतं ती नुसती अनौपचारिक चर्चा. साक्ष नाहीच ती. म्हणजे ज्या शब्दाला बाबा परवा दचकले, तो तेव्हा लागूच नव्हता. त्यांनी वाटा सोडून जे सांगितलं ते साक्ष म्हणून कुठेच लागलेलं नाही, ती दोन बोटं कुठल्या कागदावर नाहीत. खात्याचे साहेब दिल्लीत ॲनेक्सीत बसून जे सांगतात ती साक्ष, तिची नोंद शब्दन्‌शब्द होते, आणि आम्ही सांगतो ती चर्चा, चहासोबत.

म्हणून हे पत्र. माझं मुख्य मागणं एकच आहे आणि ते मी आता सरळ मांडते. एक तरी बैठक, खरी बैठक, नोंद होणारी, साक्ष म्हणून लागणारी, कोकणच्या किनाऱ्यावर घ्या. अध्यक्षांची परवानगी काढा. नियमात वाट आहे, फक्त कोणी चाललेलं दिसत नाही. हरकत असेल तर कळवा की काय हरकत आहे, आम्ही निदान कारण तरी वाचू.

आणि कधी घ्यायची ते पण सांगते, कारण ते तुम्हाला दिल्लीतून सुचणार नाही. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर मासेमारी बंद असते, ६१ दिवस, तो तुमच्याच केंद्र सरकारचा आदेश आहे. होड्या वर ओढलेल्या, झावळ्यांनी नायतर ताडपत्रीने झाकलेल्या, पुरुष माणसं घरात जाळी विणत बसलेली आणि बायका त्यांना वैतागलेल्या. तेव्हा बोलवा आम्हाला, पन्नास काय पाचशे येतील. पाऊस असेल, कोकण रेल्वे पावसाळी टाईमटेबलवर हळू चालते, लाईट जाईल, तेवढं चालवून घ्या. पण जूनमध्ये आलात तर बंदरावर बघायला काही नसेल, त्यामुळे बघायला वेगळे या, ऑक्टोबरात, संध्याकाळच्या लिलावाला, न सांगता आलात तरी चालेल, उलट बरंच. ऑक्टोबरात बघा, जूनमध्ये ऐका. सध्या काय होतं, समित्या नव्याने बनतात सप्टेंबरच्या आसपास, २०२४ ला तर निवडणुकीनंतर २६ सप्टेंबर उजाडला, एक वर्षाची त्यांची मुदत, मग दिवाळीच्या आसपास दौरे लागतात, आणि बजेटच्या मागण्या फेब्रुवारी-मार्चात. म्हणजे तुमचं कामाचं वर्ष आणि आमचं कामाचं वर्ष एकच, आणि आमची सुट्टी तेव्हा तुमचं पावसाळी अधिवेशन तोंडावर. कोणी मुद्दाम केलेलं नाही हे. पण कोणी बदललेलं पण नाही.

त्या पावसाळी अधिवेशनाचं एक सांगते. २०२३ ला समुद्रातल्या खनिजांच्या कायद्यात दुरुस्ती झाली, बिल जुलैच्या शेवटाला आलं आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही सभागृहांत पास पण झालं. समितीकडे गेलंच नाही. आमच्याकडे त्या दिवसांत सगळे होड्यांना रंग लावत होते, १ ऑगस्टची तयारी, मग नारळी पौर्णिमा. समुद्राच्या तळाचं काहीतरी ठरलं हे मला मोबाईलवर कळलं, तेही नंतर, आणि मी ग्रुपवर टाकलं तर त्याच्याखाली तीन अंगठे आणि एक गुड मॉर्निंग. पंधराव्या लोकसभेत १०० पैकी ७१ बिलं समित्यांकडे जायची, सतराव्या लोकसभेत हा आकडा १६ वर आला. समित्याच बिलाला विचारत नसतील तर आम्ही समित्यांना काय विचारणार, असंही मनात येतं. पण ते तुमच्या हातात नाही, सरकारच्या हातात आहे, म्हणून सोडते.

तुमच्या हातातलं बोलूया. आमचा विषय कुठल्या समितीकडे येतो माहितीये ना? कृषी, पशुपालन आणि अन्नप्रक्रिया. नावात मासा नाही. २०१९ पासून मत्स्यव्यवसायाला वेगळं खातं आहे, २०२० ला २०,०५० कोटींची मत्स्य संपदा योजना आली, तरी समितीच्या नावात आम्ही नाही, शेती आणि दूध यांच्यानंतर वेळ उरला तर आमची बारी. आणि एवढ्यानं भागत नाही. सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या नियमांची, कटकट पर्यावरणाच्या समितीकडे, बंदर आणि पर्यटन वाहतुकीच्या समितीकडे, डिझेल पेट्रोलियमवाल्यांकडे, कोस्टगार्ड संरक्षणाकडे. नवऱ्याची होडी एकच आहे हो, सत्तावीस फुटांची, ती पाच समित्यांत कापून वाटलीय. त्यात १२ सागरी मैलांपर्यंत राज्याचं आणि पुढे केंद्राचं. एलईडी लावून मासेमारी करायला केंद्राने २०१७ सालीच बंदी घातलीय, पर्ससीनवर राज्याचा २०१६ चा आदेश आहे, आणि रात्री मालवणातल्या मेढ्याच्या किनाऱ्यावर उभं राहिलं तर समोर लाईटच लाईट. ते कोणाच्या मैलात आहेत ते मोजायला कोण जाणार.

ह्या पाच समित्यांनी वर्षातनं एकदा एकत्र बसून एक दिवस किनाऱ्याला द्यावा असं माझं स्वतःचं मत आहे. सोसायटीचं नाही, सेक्रेटरी म्हणतो एवढं मागू नको, एक पण देणार नाहीत. त्याचं बरोबर असेल. पण टाईप मी करतेय.

निवेदनाची मुदत पंधराच्या जागी तीस दिवस करा, आणि जाहिरात सिंधुदुर्ग, रत्नागिरीच्या पेपरांत मराठीत द्या, शिवाय मच्छीमार सोसायट्यांना मेसेज. यादी मत्स्य खात्याकडे आहे, सगळ्यांचे मोबाईल नंबर आहेत, परताव्याच्या फॉर्मवर मीच टाकलेत. पोच द्या. निवेदन पाठवलं की ते समितीच्या रेकॉर्डचं होतं आणि गोपनीय राहतं असं तुमच्या जाहिरातीत असतं, ते वाचून मी दुकानाच्या भिंतीवर लावलेली आमच्या निवेदनाची कॉपी काढून ठेवली, उगाच विशेषाधिकार भंग वगैरे नको म्हणून. मग त्यावर गिऱ्हाईकं विचारायला लागली की ते पान कुठे गेलं, आम्हाला वाचायचं होतं. आता तुम्हीच सांगा ते पान लावू की नको.

आणि रिपोर्ट आल्यावर तो आमच्यापर्यंत पोचवा. सरकारने शिफारशींवर तीन महिन्यांत काय केलं ते सांगायचं असतं, ते उत्तर पण. दोन पानं मराठीत पुरे. उरलेलं आम्ही इंग्रजीतनं शोधतो, सवय झालीय.

परवाची ती पीडीएफ आली तिचं काय केलं ते सांगायचं राहिलं. तीन दिवस होते, केलं आम्ही. हिंदीतच केलं, मोरीला ह्यावेळी शार्क लिहिलं. समितीसमोर येऊन बोलायचंय असं पण ठळक अक्षरात लिहिलंय. बाबांना विचारलं, बोलावलंच तर जाल काय दिल्लीक? तर म्हणाले, "तारीख आधी सांगूक सांग त्यांका. नवरात्रानंतर नको. रापण आसा."

तर कळवा. तिथी आणि वार दोन्ही लिहिलंत तर बरं पडेल.

आपली,
मालवण बंदरावरची झेरॉक्सवाली

ता.क. निवेदनाच्या दोन्ही प्रतींना मी स्टेपल न मारता टाका घातलाय, जाळ्याच्या दोऱ्याने. दुकानातला स्टेपलर गंजला, खारी हवा. सोडवू नका, सुटणार नाही.